'जेवलास का?' विचारणाऱ्या मालिका

सोल शहराच्या उत्तर भागात सांगमुन-दोंग नावाची वस्ती आहे. तिथल्या एका अरुंद गल्लीत पाच कुटुंबे राहतात. संध्याकाळी जेवणाची वेळ झाली की एका घरची आई मुलाच्या हाती वाडगा देऊन त्याला शेजारी पिटाळते. शेजारीण वाडगा ठेवून घेते आणि आपल्याकडची भाजी देऊन त्याच पोराला परत धाडते. थोड्याच वेळात गल्लीत भांडी घेतलेल्या मुलांची ये-जा सुरू होते. अखेर प्रत्येक घरी सगळ्या घरांचे पदार्थ जमतात आणि वैतागलेला एक मुलगा विचारतो, असेच करायचे तर सगळ्यांनी एकत्र का जेवू नये? 'रिप्लाय १९८८' या कोरियन मालिकेच्या पहिल्या भागातील हा प्रसंग आहे. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, हा संकेत ज्या घरांत आजही पाळला जातो, तिथे तो समजावून सांगावा लागत नाही.

'टीव्हीएन' या केबल वाहिनीवर ६ नोव्हेंबर २०१५ ते १६ जानेवारी २०१६ या काळात ही मालिका वीस भागांत प्रसारित झाली. दिग्दर्शक शिन वॉन-हो आणि लेखिका ली वू-जंग. शेवटच्या भागाने १८.८ टक्के प्रेक्षकसंख्येचा टप्पा गाठून त्या वेळचा केबल वाहिन्यांवरील मालिकांचा उच्चांक नोंदवला. खून, सूड, हरवलेला वारस, श्रीमंत नायक आणि गरीब नायिका यांपैकी काहीही नसलेल्या मालिकेने हे केले, याचे तिथेही नवल झाले. कोरियात अशा कलाकृतींना 'हीलिंग' म्हणजे मनाला उभारी देणाऱ्या, दुखऱ्या जागेवर फुंकर घालणाऱ्या मालिका म्हणतात. शब्द इंग्रजीतून घेतलेला असला तरी प्रकार जुना आहे. 'एमबीसी' वाहिनीवरील 'जनवन इल्गी', म्हणजे 'ग्रामीण रोजनिशी', ही खेड्यातल्या एका कुटुंबाची मालिका १९८० पासून २००२ पर्यंत चालली आणि तिचे १०८८ भाग झाले. कोरियाचे झपाट्याने शहर होत असताना शहरात गेलेल्या पिढीला ती दर आठवड्याला गावाकडे नेऊन आणत होती.

या मालिकांतले सांत्वन गोडव्यातून येते, असे समजणे चुकीचे ठरेल. 'रिप्लाय १९८८'मधील दॉक-सनचे कुटुंब घरमालकाच्या घराखालच्या अर्ध्या तळघरात राहते. वडील बँकेत नोकरीला आहेत. पण मित्राच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे पगार देणी फेडण्यात जातो. दॉक-सन मधली मुलगी. थोरल्या बहिणीचा, बोराचा, वाढदिवस तिच्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी येतो, म्हणून दरवर्षी एकाच केकवर दोघींची बोळवण होते. थोरलीने मेणबत्त्या विझवायच्या, मग त्याच पुन्हा पेटवून धाकटीने विझवायच्या. एका वर्षी दॉक-सनचा बांध फुटतो. केकचे निमित्त होते. अंडे कमी पडले की आपलेच कमी पडते, कोंबडीची तंगडी आपल्या वाट्याला कधी येत नाही, ही सारी साठलेली तक्रार त्या एका क्षणी बाहेर पडते. रात्री वडील स्वतंत्र केक घेऊन गल्लीत तिच्याशेजारी बसतात आणि बाप होण्याची आपलीही ही पहिलीच वेळ आहे, अशी कबुली देतात. गरिबी हटत नाही, घर बदलत नाही. फक्त एक गोष्ट मान्य केली जाते.

असाच दुसरा प्रसंग घरमालकिणीचा. ती तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ, गल्लीवर हुकमत गाजवणारी बाई. मुलगा तिला पासपोर्टवरच्या आपल्या नावाची इंग्रजी अक्षरे फोनवर वाचून दाखवायला सांगतो. ती टाळाटाळ करते, आणि मग आपल्याला इंग्रजी वाचता येत नाही असे सांगून टाकते. पार्श्वसंगीताचा गदारोळ नाही, सहा कोनांतून दाखवलेला चेहरा नाही. फोनच्या दोन्ही टोकांना शांतता पसरते. बँकेचा अर्ज किंवा मोबाइलवरचा संदेश मुलांपुढे धरून 'चष्मा सापडत नाही' म्हणणाऱ्या आया कोणत्या भाषेत नाहीत?

कालखंडाची निवडही नेमकी आहे. १९८८ म्हणजे सोल ऑलिंपिकचे वर्ष. उद्घाटन समारंभात मादागास्करचा फलक धरण्यासाठी दॉक-सनची निवड होते, ती महिनोन्‌महिने सराव करते आणि ऐन वेळी तो देश स्पर्धेतून माघार घेतो. अखेर तिच्या हाती युगांडाचा फलक येतो. इतिहास या मालिकांत असा, मागच्या दाराने, शिरतो. बोरा विद्यार्थी चळवळीत असते, तिला पोलीस पकडतात, आणि आंदोलनाची बातमी आईच्या काळजीच्या रूपाने घरात येते. योगायोग असा, की त्याच १९८८ साली दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर आधारलेली, कुंदन शाह दिग्दर्शित 'वागले की दुनिया' सुरू झाली होती. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी उभा केलेला तो कारकुनाचा संसार दॉक-सनच्या गल्लीत सहज खपून गेला असता.

या मालिकांचे आणखी एक बळ म्हणजे त्या संपतात. सोळा किंवा वीस भाग, त्यानंतर पडदा. लेखकाला शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे पहिल्या भागात पडलेला वाडगा अठराव्या भागात उचलता येतो. मराठीत 'चार दिवस सासूचे'ने तीन हजार भागांचा टप्पा ओलांडला. आठवड्यातून सहा दिवस काहीतरी घडवायचेच असेल, तर रोजच्या जगण्याला तिथे जागा उरत नाही. कारण रोजच्या जगण्यात बहुतेक दिवशी काहीच घडत नसते. मराठी दूरचित्रवाणीला हे पूर्वी माहीत होते. 'प्रपंच'मधले प्रतिमा कुलकर्णी यांनी रंगवलेले एकत्र कुटुंब किंवा दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या सदरातून आलेले 'श्रीयुत गंगाधर टिपरे' यांतही तीन पिढ्यांचा एकाच दिवाणखान्यातला सहवास हाच विषय होता. टिपऱ्यांच्या घरातल्या आबांनी जगाचे काही बिघडवले नाही आणि काही सुधारलेही नाही. तरी लोकांना ते आठवतात.

भारतात कोरियन मालिका प्रथम रुजल्या त्या मणिपुरात. २००० साली तिथे भूमिगत संघटनांनी हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि ती पोकळी कोरियन वाहिन्यांनी व सीडींनी भरून काढली. उर्वरित देशात ही लाट टाळेबंदीच्या काळात पसरली. २०२० मध्ये भारतातील कोरियन मालिकांचे दर्शन आदल्या वर्षाच्या तुलनेत ३७० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे नेटफ्लिक्सने जाहीर केले होते. पुढे हिंदी, तमिळ, तेलुगू ध्वनिमुद्रणे आली आणि उपशीर्षके वाचण्याची अट गळून पडली.

हिंदी ध्वनिमुद्रणामुळे ज्या शहरांत या मालिकांची वाट सोपी झाली, त्यांत इंदूर येते. आणि इंदूरच्या मराठी घरातून पाहिले की या प्रकाराचे एक वेगळेच मर्म हाती लागते. गोमंतकीयांना इंदूर परके नाही. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची कन्या लता हिचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरात झाला. होळकरांच्या राजवटीपासून तिथे मराठी कुटुंबे स्थायिक आहेत. १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. 'सानंद न्यास' ही संस्था मुंबई-पुण्याची नाटके बोलावते आणि वेगवेगळ्या सभासद-गटांसाठी त्याच नाटकाचे लागोपाठ अनेक प्रयोग करवते. थोडक्यात, मराठी नाटक-साहित्याची ओढ तिथे कमी झालेली नाही.

पण रंगमंचावरून किंवा पडद्यावरून येणारी मराठी बहुधा मुंबई-पुण्याची, कोकणातली, फार तर कोल्हापूर-साताऱ्याची असते. इंदुरी मराठी घरात सकाळी पोहे होतात आणि त्यावर शेव पडते, वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपते, दारात आलेल्या भाजीवाल्याशी 'भिया' म्हणून बोलणे सुरू होते आणि स्वयंपाकघरात वळताच भाषा बदलते. हे जगणे मराठी मालिकांच्या नकाशावर जवळजवळ नाही. हिंदी मालिकांत इंदूर दिसले, तर सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली दिसते. रामबागेतल्या मराठी कुटुंबाचा वाडा नाही. अशा घरात हिंदीत बोलणारे कोरियन कुटुंब पडद्यावर येते, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडते. दाखवली जाणारी गल्ली आपली नसते, तोंडची भाषाही पात्रांची स्वतःची नसते. तरीही ताटावर वाकून 'जेवलास का?' विचारणारी आई कोणत्याही मराठी मालिकेतल्या दागिन्यांनी मढलेल्या सासूपेक्षा जवळची वाटते. कोरियन भाषेत 'बाप' या शब्दाचा अर्थ शिजवलेला भात असा आहे आणि जेवण असाही. 'बाप खाल्लास का?' हे तिथे ख्यालीखुशाली विचारण्याचे वाक्य आहे. मराठी कानाला त्यातला विनोद आधी जाणवतो आणि माया नंतर.

इंदूरला जवळची म्हणावी अशी या जातीची मालिका हिंदीत झाली आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली 'गुल्लक' ही वीज खात्यातल्या एका कारकुनाच्या कुटुंबाची गोष्ट. तिचे चित्रीकरण भोपाळमध्ये झाले. मातीच्या गुल्लकातून, म्हणजे पैसे साठवण्याच्या मडक्यातून, आवाज येतो आणि तो मिश्रा कुटुंबाचे किस्से सांगतो. या कुटुंबातली आई, शांती मिश्रा, साकारली आहे ती मराठी रंगभूमीवरून आलेल्या आणि 'कोर्ट' चित्रपटात सरकारी वकिलाची भूमिका केलेल्या गीतांजली कुलकर्णी यांनी. मालिकेतले गाव मात्र निनावी ठेवले आहे, उत्तर भारतातले कुठलेही. दुसरी लोकप्रिय मालिका 'पंचायत' उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातील फुलेरा या गावात घडते. प्रत्यक्षात ते गाव म्हणजे भोपाळ-इंदूर मार्गावरच्या सीहोर जिल्ह्यातील महोडिया. मध्य प्रदेश आपल्या गल्ल्या, पाण्याच्या टाक्या आणि ओटे उसने देतो, नाव दुसऱ्याचे लागते. इंदूरच्या मराठी माणसाच्या बाबतीत तर ही उसनवारी दुहेरी आहे: राज्याची गल्ली निनावी, आणि घरातली भाषा अनुपस्थित.

नेमकेपणाचे महत्त्व किती, हे कोरियाच्या दक्षिणेकडील जेजू बेटावर घडणाऱ्या दोन मालिकांवरून कळते. नो ही-क्यंग यांनी लिहिलेल्या 'अवर ब्लूज'मध्ये (२०२२) पात्रे जेजूची बोली इतकी ठसक्यात बोलतात, की खुद्द कोरियातल्या प्रसारणात प्रमाण कोरियनची उपशीर्षके द्यावी लागली. या बोलीला युनेस्कोने २०१० मध्ये अतिधोक्यातील भाषांच्या यादीत घातले आहे. याच मालिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या स्त्रीची भूमिका तोच अनुभव जगणाऱ्या चित्रकार जंग उन-हे यांनी केली. अभिनेत्रीला तसे 'बनवले' नाही. २०२५ च्या मार्चमध्ये चार आठवड्यांत सोळा भागांनी आलेली, लिम सांग-चुन लिखित 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' हिचे मूळ कोरियन नावच जेजूच्या बोलीत आहे. त्याचा अर्थ साधारण 'फार कष्ट घेतलेत' असा, आभार मानण्याच्या सुरातला. नायिका ए-सन हिची आई समुद्रात बुडी मारून शिंपले-शेवाळ काढणारी 'हेन्यो' असते आणि तरुण वयात जाते. मुलीला कवयित्री व्हायचे असते. संसार तिला बाजारात कोबी विकायला बसवतो. भाषेच्या प्रमाण आणि बोली या भांडणात वाढलेल्या गोव्याच्या वाचकाने ही मालिका उपशीर्षकांसह, मूळ आवाजात पाहावी. हिंदी ध्वनिमुद्रणात बोली पुसली जाते आणि तिच्याबरोबर अर्धी गोष्टही.

किनाऱ्यावरच्या गावाचा हव्यास कुठे नेतो, याचेही उदाहरण गोव्याच्या ओळखीचे आहे. २०२१ ची 'होमटाउन चा-चा-चा' गोंगजिन या काल्पनिक गावात घडते. चित्रीकरण पोहांग परिसरात झाले, मालिका गाजली आणि पर्यटकांची रीघ लागली. ज्या घरांत नायक-नायिका आणि गावची आजी राहिलेली दाखवली, ती लोकांची राहती घरे होती. शेवटी निर्मात्यांनाच प्रेक्षकांना तिकडे जाऊ नका अशी विनंती करावी लागली. 'डिअर जिंदगी'तल्या माडांच्या रस्त्यामुळे पर्राच्या ग्रामस्थांना काय सोसावे लागले आणि पंचायतीने २०१९ मध्ये छायाचित्रांवर शुल्क का लावले, हे इथे वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू. ज्या देशाने हा दिलासा घडवला त्याला त्याची गरज होती. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, सदस्य देशांत आत्महत्यांचे प्रमाण कोरियात सर्वाधिक राहिले आहे. तिथल्या एक तृतीयांशाहून अधिक घरांत माणूस एकटाच राहतो. 'होन्बाप', म्हणजे एकट्याने जेवणे, हा नव्या कोरियनमधला रूढ शब्द आहे. पाच घरांच्या ताटांची गोष्ट एकट्या ताटासमोर पाहिली जाते.

सोलमध्ये नोर्यांगजिन नावाचा भाग आहे. सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारे हजारो तरुण तिथे शिकवणी वर्गांच्या आजूबाजूच्या लहानशा खोल्यांत वर्षे काढतात. इंदुरात मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय आहे आणि भंवरकुआँ चौकाच्या परिसरात माळवा-निमाडच्या गावांतून आलेली मुले तेच करतात. वर्ग, वाचनालय, भाड्याची खोली आणि रात्री मोबाइलच्या पडद्यावर एखादा भाग. २०१६ ची 'ड्रिंकिंग सोलो' ही मालिका याच नोर्यांगजिनमधल्या शिक्षकांची व परीक्षार्थींची, दिवसअखेर एकट्याने प्याला भरणाऱ्यांची. थकलेल्या माणसांना धीर देणारी म्हणून ती ओळखली गेली. तिच्या चमूतील तरुण सहायक निर्माता-दिग्दर्शक ली हान-बित याने मालिकेचे प्रसारण संपता संपता, ऑक्टोबर २०१६ मध्ये, जीवन संपवले. अमानुष कामाचे तास आणि कंत्राटी सहकाऱ्यांना काढून टाकण्याचे काम आपल्यावर लादले जाणे, यांविषयीची वेदना त्याने लिहून ठेवली होती. कुटुंबाने महिनोन्‌महिने लढा दिल्यावर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर माफी मागितली आणि पुढे त्याच्या नावाने माध्यम कामगारांच्या हक्कांसाठी केंद्र उभे राहिले.

त्यानंतर काही बदलले. २०१८ पासून कोरियात आठवड्याला ५२ तासांची मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू झाली. 'रिप्लाय'च्याच शिन वॉन-हो आणि ली वू-जंग यांची 'हॉस्पिटल प्लेलिस्ट' २०२० मध्ये आली ती आठवड्यातून दोनऐवजी एका भागाने. वाढता खर्च आणि कामाच्या तासांचे बदललेले वातावरण ही कारणे त्यामागे सांगितली गेली. पाच डॉक्टर मित्रांची ही मालिका बारा-बारा भागांच्या दोन पर्वांत संपली. तिच्यातली संथ लय पडद्यामागच्या माणसांनाही थोडी मिळाली असावी, असे मानायला जागा आहे.

या मालिकांवरचा एक आक्षेप टिकणारा आहे. गल्लीभर फिरणारे ते वाडगे भरतात कोण? सगळ्या आयाच. पुरुष खातात, गहिवरतात, क्वचित माफी मागतात. 'रिप्लाय १९८८'ला याची जाणीव असल्याचे एका प्रसंगात दिसते: घरमालकीण काही दिवस बाहेरगावी जाऊन येते, आपल्यावाचून घर व्यवस्थित चालल्याचे पाहून खट्टू होते, आणि ते ओळखलेला मुलगा घरात मुद्दाम गोंधळ माजवून आईला पुन्हा कामाला लावतो. प्रसंग हसवतो. तो आईला आनंद देतो की तिची सुटी कायमची रद्द करतो, हे ठरवणे प्रेक्षकाकडे राहते.

नव्याने पाहणाऱ्यासाठी एक व्यावहारिक सूचना. 'रिप्लाय १९८८'चे भाग लांब आहेत, बरेचसे दीड तासाच्या आसपास, आणि पहिल्या दोन भागांत नावांचा गोंधळ उडतो. आडनाव आधी येते, नाव मागून, आणि वडीलधाऱ्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. आयांना तर मुलांच्या नावानेच ओळखायचे: दॉक-सनची आई, सन-वूची आई. 'गुल्लक'मधली शेजारीण प्रत्येक पर्वात हजर असते, घरोघरच्या बातम्या पोहोचवते, भांडते, वेळेला धावूनही येते. तिला सगळे 'बिट्टू की मम्मी' म्हणतात. सांगमुन-दोंगची गल्ली शेवटच्या भागात पुनर्विकासासाठी रिकामी होते, कुटुंबे एकेक करून सामान हलवतात, आणि आया जाताना एकमेकींना त्याच नावांनी हाक मारतात.